निलवंताचा डावा पंख

एकतीस वर्षं मी वसईत लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढले. डॉक्टर नव्हतो, फोटो स्टुडिओ होता. मुरूम, वांग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, रडून सुजलेली नवरी, हे सगळं माझ्याकडे यायचं आणि साफ होऊन अल्बमात बसायचं. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांच्या भिंतींवर माझ्या हातचे चेहरे टांगलेले आहेत. त्यातले काही मूळ माणसांशी बरेच मिळतेजुळतेही आहेत.

आता स्टुडिओ बंद आहे. जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने दिली आहे, आणि मी फुलपाखरांचे फोटो काढतो. का, असं लोक विचारतात. खरं कारण असं की डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलं आणि नुसतं चालायची मला लाज वाटते. गळ्यात कॅमेरा असला की माणूस कामाला निघालाय असं दिसतं. दुसरं म्हणजे फुलपाखरू अल्बम बघायला येत नाही. आपल्या मावशीला मागच्या रांगेत का उभं केलं म्हणून रुसतही नाही.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डाग काढायचा म्हणजे पुसायचा नसतो. पुसला तर तिथे भोक दिसतं. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर ठेवायची. संगणकावर त्यासाठी एक हत्यार असतं, आम्ही त्याला शिक्का म्हणायचो. गालावर शिक्का मारायचा तर कपाळाची कातडी चालत नाही, कारण तिथला उजेड वेगळा असतो. एखाद्याचा डावा कान बिघडलेला असेल तर उजवा उचलायचा, आरशात दिसतो तसा उलटा करायचा आणि डावीकडे बसवायचा. सगळी कला कडा जुळवण्यात आहे. कडा जुळल्या की देवसुद्धा विचारत नाही.

माझा आणखी एक नियम होता. काम पुरं झालं की मूळ फोटो त्याच दिवशी पुसायचे. हा नियम मी ठेच लागल्यावर केला. एकदा एका नवरीचे न सुधारलेले फोटो पेनड्राइव्हमधून चुकून तिच्या सासरी गेले. तिची सासू अल्बम आणि लॅपटॉप घेऊन दुकानात आली, दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "यातली आमच्याकडे आलेली कुठली, तेवढं सांगा." तेव्हापासून मूळ फोटो माझ्याकडे रात्रभरसुद्धा राहिला नाही.

या नियमाने मी एकदा तोंडघशीही पडलो होतो. अर्नाळ्याचा एक बोटवाला वडील गेल्यावर आला. वडिलांचा एकच बरा फोटो होता, बोटीच्या पूजेचा. त्यात म्हाताऱ्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. मी हात काढला, खांदा नवा केला, सदऱ्याला इस्त्री केली, मागे निळं आकाश टाकलं. बोटवाला फ्रेम घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला.

"खांद्यावरचा हात कुठं गेला?" त्याने विचारलं.

"काढला. मध्ये येत होता."

"तो हात माझा होता," तो म्हणाला.

मूळ फोटो तोवर त्याच्या घरी पावसात भिजून गेला होता आणि माझ्याकडचा मी नियमाप्रमाणे पुसला होता. शेवटी मी माझ्याच हाताचा फोटो काढला, थोडा सावळा केला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवला. बोटवाल्याने डोळे पुसले आणि माझे पाय धरले. अर्नाळ्याच्या एका घरात मी आजतागायत एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. त्या घरावरून जाताना मी चालण्याचा वेग वाढवतो.

आता फुलपाखरांकडे येतो. फुलपाखराचा फोटो काढायला महागडी लेन्स लागते असं लोकांना वाटतं. लागते ती खाली बसायची तयारी, आणि आपली सावली त्याच्यावर पडू न देण्याची अक्कल. सकाळी ऊन चढताना ती पंख उघडून अंग शेकतात, तेवढ्यात काय ते काढून घ्यायचं. नंतर घरी येऊन संगणकावर मधे आलेली काडी काढायची, मागचा हिरवा थोडा मऊ करायचा, उजेड सारखा करायचा. म्हणजे पुन्हा तेच काम, फक्त गिऱ्हाईक गप्प.

सुरुवातीलाच मी एक घोटाळा केला. राजोडीला किनाऱ्यामागच्या रुईच्या झुडपावर एक तांबडं, काळ्या किनारीचं फुलपाखरू मिळालं. घरी पाहिलं तर मागच्या पंखांवर मधोमध तीन-चार काळे ठिपके. लेन्सवरची धूळ समजून मी ते काढले आणि फोटो फुलपाखरंवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुप चालवणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंचा लगेच फोन. "सावंत, हे साधं नाही, तुम्हाला चांदवा फुलपाखराची मादी मिळाली! कुठे?" पुढच्या रविवारी विरारहून दहा माणसं दुर्बिणी घेऊन राजोडीच्या त्या झुडपाभोवती उकिडवी बसली. मग उलगडा झाला. तांबडं फुलपाखरू चवीला विषारी असतं म्हणून पक्षी त्याला खात नाहीत, आणि चांदवा हे बिनविषारी, पण त्याची मादी अगदी या तांबड्यासारखं सोंग घेते. दोघांतला ओळखायचा फरक म्हणजे तेच ठिपके. विषारी फुलपाखरू मी संगणकावर बसल्या बसल्या बिनविषारी केलं होतं. बाई चांगल्या, फक्त म्हणाल्या, "डाग काढत जाऊ नका हो."

मी ते मनावर घेतलं. जन्माचा डाग काढायचा नाही, हे ठरवून टाकलं. पण पंख फाटलेला असेल तर तो अपघात, तो नीट करायला हरकत नाही, असा पोटनियम मी स्वतःच्या मनाने जोडला. पुढचं सगळं या पोटनियमामुळे झालं.

नायगावच्या खाडीकडे एक गाव आहे. तिथे चांगुणाबाय राहते. नाव बदललं आहे, नाहीतर ती मला अंगणात पाऊल टाकू देणार नाही. वय ऐंशीच्या आसपास. कधीकाळी भातशेती होती, आता घर, अंगण, एक पपनसाचं झाड आणि मागे मोरी एवढं उरलं आहे. मुलगा हरेश्वर सरकारी नोकरीत, बायको सुलभाबरोबर एव्हरशाईन सिटीत पाचव्या मजल्यावर राहतो. माणूस वाईट नाही. आईला भेटायला दर रविवारी जेवून येतो आणि येताना न विसरता तिच्या गोळ्या आणतो.

मी तिच्या पपनसासाठी जाऊ लागलो. निलवंत नावाचं मोठं, काळं मखमली फुलपाखरू असतं, मागच्या पंखांवर निळाई पसरलेली. त्याची अळी लिंबू-पपनसाची पानं खाते. मी दोन-चारदा अंगणात लोळून फोटो काढल्यावर तिने मला चहा दिला आणि एक दिवस म्हणाली, "सावंत, तू रोज येशील काय? अकरा दिस. त्या मोरीकडं येतो ना, त्याचा रोज एक फोटो काढ. तारीख टाक त्यावर."

"रोज तोच येतो कशावरून, काकी?"

"मना ओलखता येतो," ती म्हणाली. "डावा पंख फाटलाय त्याचा. मी जवला धुऊन पानी टाकते ना, तिथं येतो. साडेधाला."

निलवंताचे नर ओल्या मातीतला खार चोखायला येतात हे मला माहीत होतं. सुक्या जवळ्याचं पाणी ही मेजवानीच. मी हो म्हटलं.

आता जे मला त्या वेळी माहीत नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगतो. चांगुणाबायने एकदा गॅस चालू ठेवला होता. एकदा हरेश्वरला तिच्या वारलेल्या दिराच्या नावाने हाक मारली होती. घरात कुजबुज सुरू झाली, की आईचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही. घराला कुलूप लावून तिला फ्लॅटवर न्यायचं ठरत होतं. त्यातच ती सुनेला म्हणाली की रोज एकच फुलपाखरू साडेदहाला माझ्याकडे येतं. सुलभाने हरेश्वरकडे नुसतं पाहिलं. ते चांगुणाबायने बघितलं आणि तिथल्या तिथे मुलाला सांगितलं, "फोटोवाला फोटो काढंल. तोच निघाला तर मना हितंच ठेवायचं. दुसरा निघाला तर मी गप येते." हरेश्वर हसून बरं म्हणाला. स्वतः सकाळी येऊन का पाहिलं नाही, तर साडेदहाला तो कचेरीत, आणि त्याच्या मते सगळी फुलपाखरं सारखीच.

म्हणजे तिचं घर माझ्या कॅमेऱ्यावर होतं आणि तिने ते मला सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "सांगायचं काय? फोटोत असंल तेच येनार."

अकरा दिवस मी गेलो. अकराही दिवस तो आला, पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे. डाव्या मागच्या पंखाचा नखाएवढा तुकडा नव्हता. पक्ष्याने चोच मारली असावी. मला त्याची दया यायची. एवढा राजबिंडा जीव आणि कडेला हे भगदाड. रोज दुपारी मी घरी बसून त्याचा उजवा पंख उचलायचो, उलटा करायचो आणि डावीकडे बसवायचो. एक गोष्ट अभिमानाने सांगतो, एकाच दिवसाचा पंख मी सगळीकडे चिकटवला नाही. ज्या दिवसाचा फोटो त्याच दिवसाचा पंख, कारण रोजचा उजेड निराळा. कडा अशा जुळवल्या की फुलपाखराला स्वतःला दाखवला असता तरी ते फसलं असतं. आणि रोज संध्याकाळी, नियमाप्रमाणे, मूळ फोटो पुसले.

अकरावा दिवस शनिवार होता. त्याच दिवशी मी घरच्या प्रिंटरवर मोठे फोटो काढले, कोपऱ्यात तारखा टाकल्या, अल्बममध्ये लावले. रविवारी दुपारी घेऊन गेलो. हरेश्वर आणि सुलभा ओट्यावर बसली होती. एवढी माणसं बघून मला बरं वाटलं, कामाचं कौतुक होणार म्हणून. हरेश्वरने हसत हसत ती पैज सांगितली. मला ती तेव्हा पहिल्यांदा कळली, आणि हातातला अल्बम एकाएकी जड झाला.

मागे फिरायची सोय नव्हती. चांगुणाबायने अल्बम घेतला, पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. हरेश्वर तिच्या खांद्यावरून बघत होता.

"आई, फाटलंय कुठे?" त्याने विचारलं. आवाजात टिंगल नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "हे तर अख्खं आहे. हेपण. बघ, सगळी चांगली आहेत. वेगवेगळी असतील. तुला भास झाला असेल. होतं असं वयात."

सुलभा पाणी आणायला म्हणून उठून आत गेली. चांगुणाबायने माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं, त्या सासूनेसुद्धा नाही.

"फाटका होता, हरेश्वर," मी म्हणालो. "रोज तोच होता. पंख मी नीट केला."

"नीट केला म्हणजे?"

"संगणकावर. सवय आहे."

"मग मूळ फोटो दाखवा ना, काका."

"पुसले."

हरेश्वर माझ्याजवळ सरकला. मग मला समजावत म्हणाला, "काका, तुम्ही रोज इथे चहा घेता. आईसाठी बोलताय, चांगलं आहे. पण मला टेन्शन येतं हो. उद्या गॅसने काही झालं तर? तिकडे निदान चार माणसं आहेत." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. चुकीचं जे होतं ते अल्बममध्ये होतं आणि ते मी केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हौसेपायी एका बाईचं घर जात होतं आणि माझ्याजवळ दाखवायला सफाईशिवाय काही नव्हतं.

चांगुणाबाय अल्बम घेऊन उठली आणि अंगणात उन्हात जाऊन बसली. चष्मा लुगड्याला पुसला. पानं पुढे उलटली, मागे उलटली, पुन्हा पुढे. आम्हाला वाटलं, बिचारी मन रमवते आहे.

"सावंत, हितं ये," तिने हाक मारली. "ही रेघ काय हाय?"

मी वाकून पाहिलं. उजव्या मागच्या पंखावर, निळाईच्या मधोमध, एक बारीक तिरकी रेघ होती. फांदीला घासून रंग गेल्यासारखी. खरं सांगतो, मी ती तोवर पाहिलीच नव्हती. माझं सगळं लक्ष भगदाडाकडे.

"घासलं असेल कुठेतरी," मी म्हणालो.

"मग डावीकडंपन तशीच कशी? तेवढीच, तिथंच, उलटी." तिने दोन बोटं दोन पंखांवर ठेवली. "कुठं घासला तर दोन्हीकडं सारखाच घासंल काय? हा डावा पंख त्याचा नाय. उजवा कापून तू हिकडं लावलास."

मी पंख नीट केला एवढंच म्हणालो होतो, कसा ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षांत शेकडो नवऱ्या, त्यांच्या सासवा, मयतांचे मुलगे, पासपोर्टवाले, यांपैकी कुणी माझा उलटा कान पकडला नव्हता. तो या बाईने पकडला, जिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"आन् सगल्या फोटूंत ती रेघ हाय. मोज."

मी मोजली. अकरा पानं, अकरा रेघा, दोन्हीकडे मिळून बावीस. हरेश्वरही येऊन उकिडवा बसला. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून त्याने एकेक पान पाहिलं. हुशार आहे तो, लगेच म्हणाला, "काका, तुम्ही एकच पंख अकरा ठिकाणी चिकटवला असेल."

मी तोंड उघडायच्या आत चांगुणाबायने पहिलं पान आणि शेवटचं पान त्याच्यासमोर धरलं. "बघ. पयल्या दिशी रेघ केवढीशी, शेवटाला पार कडेला गेली. रंग बघ कसा उतरलाय, माझ्या लुगड्यावानी. एकच पंख असंल तर असा उतरत जाईल काय?"

फुलपाखराचा पंख भरून येत नाही. गेलेला रंग परत येत नाही. पहिल्या पानापासून अकराव्यापर्यंत निळा थोडा थोडा फिका होत गेला होता आणि मी रोज तो फोटो समोर घेऊन बसलो असताना मला ते दिसलं नव्हतं. भगदाड बुजवण्याच्या नादात मी फुलपाखरू पाहिलंच नव्हतं.

हरेश्वर पुन्हा पहिल्यापासून पानं उलटू लागला. आठव्या-नवव्या पानाला त्याने मोबाइल खिशात टाकला.

"म्हातारा होत चाललाय तो," चांगुणाबाय म्हणाली. "पन वाट नाय चुकला."

हरेश्वरने अल्बम मिटून तिच्या मांडीवर ठेवला. सुलभा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, तो कुणाला द्यायचा ते न कळून ती स्वतःच घोटभर प्यायली. मग हरेश्वर उठला, आत जाऊन गॅसची शेगडी पाहून आला आणि म्हणाला की आपोआप बंद होणारी शेगडी मिळते, पुढच्या रविवारी घेऊन येतो. फ्लॅटचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघाला नाही. निघताना तो मला म्हणाला, "काका, माझ्या लग्नाचा अल्बम तुमच्याकडचाच ना?" मी हो म्हटलं. त्याने सुलभाकडे एकदा निरखून पाहिलं.

सोमवारी मी सवयीने गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. चांगुणाबाय मोरीकडे बसली होती. जवळ्याचं पाणी टाकून झालं होतं. साडेदहा वाजून गेले, पावणेअकरा झाले. मग पपनसावरून एक निलवंत उतरला आणि ओल्या मातीवर बसला. पंख उघडले. दोन्ही पंख अख्खे, निळाई गडद, रेघ नाही, ओरखडा नाही. अल्बमात मला जसा हवा होता, हुबेहूब तसा. मी कॅमेरा वर केला.

चांगुणाबायने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "हा तो नाय," ती म्हणाली.

मी कॅमेरा खाली घेतला. आम्ही दोघं अकरा वाजेपर्यंत बसलो. तो आला नाही. ती रडली वगैरे नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, तोंड धुतलं, पदर नीट केला आणि ओट्यावर येऊन बसली.

"चल, आता माझा काढ," ती म्हणाली. "मागाहून फ्रेमला लागंल. हरेश तुझ्याकडंच येनार, तू साफबीफ करून देशील. आत्ताच काढून ठेव."

मी काढला. हनुवटीवर चामखीळ आहे, तिला दोन पांढरे केस आहेत. वरचा एक दात नाही. डाव्या भुवईवर विळ्याचा जुना व्रण आहे. घरी येऊन संगणकावर फोटो उघडला तेव्हा माझा हात आपोआप शिक्क्याकडे गेला. मी हात मागे घेतला, उजवा हात डाव्या हाताने धरला म्हटलं तरी चालेल, आणि फोटो होता तसा छापला.

दुसऱ्या दिवशी तिला नेऊन दिला. तिने तो उन्हात धरला, चष्मा पुसला आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू नीट तपासल्या. मग डाव्या भुवईवर बोट ठेवलं, उजव्या भुवईवर ठेवलं. उजवीकडे काही नव्हतं.

"हां," ती म्हणाली. "ही मी."